कुपीतल्या माशीचे म्हातारपण

पिकलेल्या केळ्यांभोवती भिरभिरणारी तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटे स्वयंपाकघरात कुणालाच नको असतात. जीवशास्त्रज्ञांनी मात्र शंभराहून अधिक वर्षे त्यांना काचेच्या कुप्यांत सांभाळले, वाढवले आणि मोजले आहे. त्यातली सर्वांत परिचित जात ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे फळमाशी. लांबी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. २५ अंश सेल्सिअसला ठेवली तर अंडे घातल्यापासून दहा दिवसांत पंखांसकट माशी कोशातून बाहेर येते आणि पुढे साधारण दोन-अडीच महिने जगते.

एवढ्या अवधीत ती खरोखर म्हातारी होते. प्रयोगशाळेत याची एक साधी परीक्षा आहे. कुपी टेबलावर हलकेच आपटायची. आतल्या माश्या तळाशी पडतात आणि लगेच भिंतीवरून वर चढू लागतात. वर चढणे हा त्यांचा स्वभावच आहे. आठवडाभराच्या माश्या काही सेकंदांत कुपीच्या बोळ्यापर्यंत पोचतात. महिना ओलांडलेल्या अर्ध्या वाटेवर रेंगाळतात, मध्येच घसरतात. दीड-दोन महिन्यांच्या बऱ्याचशा तळाशीच चालत राहतात. त्याच वयात त्यांची अंडी घालण्याची क्षमता आटलेली असते, झोप तुटक झालेली असते आणि आतड्याचे अस्तर गळू लागलेले असते.

माशी या कामाला इतकी सोयीची का, याला स्वस्ताईपलीकडे एक कारण आहे. प्रौढ माशीच्या शरीरातल्या बहुतेक पेशी पुन्हा विभागत नाहीत. आतडे आणि जननग्रंथी सोडल्या तर तिला जन्मतः मिळालेल्या पेशींवरच आयुष्य काढावे लागते. पेशीच्या आत काही बिघडले, तर ते तिथेच साचत जाते. काळाने केलेली झीज पाहायची असेल तर याहून उघडा जीव मिळणे कठीण.

झीज होते, पण कशाने? पहिला धागा तापमानातून हाती आला. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॅक लोब आणि जॉन नॉर्थ्रॉप यांनी फळमाश्या वेगवेगळ्या तापमानांत ठेवल्या. गारव्यातल्या माश्या उष्णतेतल्यांपेक्षा कितीतरी पट जास्त जगल्या. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रेमंड पर्ल यांनी माश्यांच्या आयुर्मानावर वर्षानुवर्षे काम केले आणि १९२८ मध्ये जगण्याच्या वेगाची उपपत्ती मांडली: शरीर जितक्या वेगाने शक्ती खर्चते, तितके आयुष्य तोकडे. कल्पना मनाला लगेच पटणारी होती. पण वेगाने जगल्यामुळे नेमके काय खराब होते, हे तिच्यात नव्हते.

ते सांगण्याचा प्रयत्न डेन्हॅम हरमन यांनी केला. हरमन मुळात शेल तेल कंपनीत काम केलेले रसायनतज्ज्ञ. नंतर ते स्टॅनफर्डला वैद्यक शिकले. १९५४ मध्ये बर्कलेच्या डॉनर प्रयोगशाळेत असताना त्यांच्या मनात ही कल्पना आली आणि १९५६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. १९५४ मध्येच अर्जेंटिनाच्या रेबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की क्ष-किरणांनी होणारी इजा आणि अति प्राणवायूने होणारी विषबाधा यांची जात एकच असावी. दोन्हींत मुक्त मूलके तयार होतात. मुक्त मूलक म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला रेणू किंवा अणू. तो इलेक्ट्रॉन तरी ओढून घेतो, नाही तर देऊन टाकतो, आणि या झटापटीत शेजारची प्रथिने, चरबी, डीएनए यांची मोडतोड करतो. हरमन यांचे म्हणणे असे की हे काही किरणोत्सारापुरते नाही. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायू पेशीत जळतो तेव्हा त्यातला थोडा अर्धवट राहतो, त्यातून अशीच मूलके निघतात, आणि आयुष्यभर साचलेली ही इजा म्हणजेच म्हातारपण.

ही उपपत्ती बराच काळ अडगळीतच होती. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराचा शोध लावला आणि चित्र पालटले. सुपरऑक्साइड नावाच्या मूलकाचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्राणवायू यांत रूपांतर करणे एवढेच त्याचे काम. मग कॅटलेज नावाचे दुसरे विकर त्या पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करते. जीवांनी ही साखळी जपून ठेवली आहे त्या अर्थी पेशीत सुपरऑक्साइड खरोखरच तयार होत असणार, आणि तो धोकादायकही असणार. आता हरमन यांचे म्हणणे दोन्ही बाजूंनी तपासता येणार होते: ऑक्सिडंट, म्हणजे अशी मूलके निर्माण करणारे पदार्थ, वाढवले तर माशी लवकर म्हातारी व्हायला हवी, आणि अँटिऑक्सिडंट, म्हणजे त्यांना निकामी करणारे पदार्थ, वाढवले तर उशिरा.

पहिली बाजू सोपी, कारण मारणे नेहमीच सोपे असते. माश्यांना पॅराक्वाट देतात. हे आपल्याकडच्या शेतांतही फवारले जाणारे तणनाशक आहे, आणि माणसाच्या पोटात गेले तर त्याला उतारा नाही. पेशीच्या आत ते एक इलेक्ट्रॉन उचलते, प्राणवायूला देऊन त्याचा सुपरऑक्साइड करते आणि स्वतः पूर्ववत होऊन पुन्हा इलेक्ट्रॉन उचलायला मोकळे होते. त्याचा एकच रेणू हे काम पुन:पुन्हा करत राहतो, म्हणून थोडेसे पॅराक्वाट पुरते.

प्रयोग असा. काही दिवसांच्या माश्या, बहुधा नरच, थोडे तास उपाशी ठेवायच्या. कुपीच्या तळाशी गाळणकागदाची चकती ठेवायची आणि ती साखरेच्या ५ टक्के पाण्यात कालवलेल्या पॅराक्वाटने भिजवायची. शेजारच्या कुप्यांत नुसते साखरपाणी. मग दर काही तासांनी किती मेल्या ते मोजायचे. पहिल्या कुप्यांतल्या माश्या आधी अस्वस्थ होतात, मग त्यांचे पाय थरथरतात, आणि बहुतेक दोन-तीन दिवसांत संपतात. पॅराक्वाटऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडही देतात. किंवा अन्नात काहीच न मिसळता हवेच्या जागी निव्वळ प्राणवायू सोडतात. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो १०० टक्के केला की दोन-अडीच महिने जगणारी माशी आठवडाभराच्या आसपास संपते.

कीटकांच्या बाबतीत यात त्यांच्या शरीररचनेचाही वाटा आहे. आपल्या शरीरात प्राणवायू रक्तातून मोजूनमापून पोचतो. कीटकांच्या अंगावर बारीक श्वासरंध्रे असतात आणि तिथून निघालेल्या नळ्या फाटत फाटत थेट पेशींपर्यंत जातात. उडताना स्नायूंना प्रचंड प्राणवायू लागतो, त्यासाठी ही सोय उत्तम. पण कीटक स्वस्थ बसला की तोच पुरवठा अंगावर येतो. २००५ मध्ये स्टेफान हेट्झ आणि टिमथी ब्रॅडली यांनी ॲटलस पतंगाच्या कोशांवर हे तपासले. हा मोठ्या रेशीमपतंगांच्या कुळातला, तळहाताएवढ्या पंखांचा जीव. त्याचे भाऊबंद सह्याद्रीतही दिसतात. त्याचा कोश श्वासरंध्रे बराच वेळ बंद ठेवतो, मग किंचित फडफडवतो आणि मग उघडतो. बाहेरचा प्राणवायू वाढवला तरी फडफडीच्या टप्प्यात नळ्यांतला प्राणवायू कोशाने जवळपास त्याच कमी पातळीवर राखला. अडवून श्वास घेण्याचे एक कारण प्राणवायूपासून बचाव हे असावे, असा निष्कर्ष दोघांनी काढला. त्यावर अजून वाद आहे. तरी श्वासाचे दार मिटून बसलेला तो कोश मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

ऑक्सिडंटने माशी मरते, एवढे सिद्ध झाले. पण ती म्हातारी होऊन मरते का? दोन दिवसांत विषाने गेलेली माशी आणि सत्तराव्या दिवशी आपोआप गेलेली माशी यांच्यात नाते आहे, हे गृहीत धरता येत नाही. कोणतेही जालीम विष आयुष्य कमी करतेच. म्हणून विषाचा अभाव म्हणजे तारुण्य ठरत नाही. तरी नात्याचा थोडा पुरावा आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉन टॉवर यांच्या गटाने शंभर टक्के प्राणवायूत ठेवलेल्या तरुण माश्यांची आणि नैसर्गिकरीत्या म्हाताऱ्या झालेल्या माश्यांची जनुके ताडून पाहिली. दोन्हींत चालू-बंद झालेल्या जनुकांचे नमुने बरेच सारखे निघाले. साम्य खरे, पण कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यातून कळत नाही.

डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात राजिंदर सोहल यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी विष दिलेच नाही. त्यांनी घरमाश्या घेतल्या, त्याच त्या उकिरड्यावरच्या, आणि काहींना मोठ्या पिंजऱ्यात ठेवले, काहींना उडता येणार नाही इतक्या लहान बाटल्यांत एकेकटे. बाटलीतल्या माश्या पिंजऱ्यातल्यांच्या दुपटीच्या आसपास जगल्या. उडणे बंद म्हणजे प्राणवायूचा खर्च कमी. पुढे २००० मध्ये त्यांनी आणि ल्यांग-जुन यान यांनी दाखवले की उडू न दिलेल्या माश्यांच्या उड्डाणस्नायूंतल्या तंतुकणिकांत, म्हणजे पेशीतला प्राणवायू जिथे जळतो तिथे, काही ठराविक प्रथिनांची ऑक्सिडीकरणाने झालेली इजाही कमी असते. पर्ल यांची कल्पना आणि हरमन यांची कल्पना इथे एकाच बाटलीत एकत्र आल्या. अर्थात बंद बाटलीत माशीचे आणखीही बरेच बदलते: मारामाऱ्या नाहीत, मीलन नाही, पंख फाटत नाहीत. आयुष्य वाढण्याचे श्रेय यातल्या नेमक्या कशाला द्यायचे, हे त्या एका प्रयोगाने ठरत नाही.

१९९८ मध्ये कॅल्टेकमधून आलेली बातमी वर्तमानपत्रांपर्यंत पोचली. सीमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत एका जनुकात बदल झालेल्या माश्या सर्वसाधारण माश्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त जगत होत्या. बायबलमधल्या ९६९ वर्षे जगलेल्या पुरुषावरून त्या जनुकाला मेथुसेला नाव दिले गेले. या माश्या उपासमारीत टिकत, उष्णता सहन करत, आणि पॅराक्वाटच्या कुपीतही इतरांपेक्षा जास्त वेळ तग धरत. बेंझर यांचे नाव मुंबईत परके नव्हते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा पाया घालणारे ओबेद सिद्दीकी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर फळमाशीच्या मज्जातंतूंवर काम करून आले होते, आणि कुलाब्याच्या त्या आवारात माशीचे संशोधन रुजले ते तिथूनच. मेथुसेला माशीने एक समज पक्का केला: जी माशी ऑक्सिडंट सोसते ती जास्त जगते. त्यानंतर कुठलाही पदार्थ आयुष्य वाढवतो का हे पाहायचे तर आधी पॅराक्वाट चाचणी लावायची, असा प्रघातच पडला. दोन दिवसांत निकाल मिळतो, तर अडीच महिने कोण थांबणार? पुढची बरीच गल्लत या घाईतून झाली.

आता दुसरी बाजू, अँटिऑक्सिडंट खाऊ घालण्याची. हे काम वाटते तितके सरळ नाही, आणि यातले बारकावे कळले तरच यातले दावे वाचता येतात.

माशीचे खाणे म्हणजे मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर एकत्र शिजवून कुपीच्या तळाशी ओतलेला, थिजलेला लगदा. बुरशी धरू नये म्हणून त्यात थोडे प्रोपिऑनिक आम्ल घालतात. तपासायचा पदार्थ, समजा ई जीवनसत्त्व, याच लगद्यात मिसळायचा. पण ई जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावे लागते. म्हणजे तुलनेच्या कुप्यांतही तेवढेच अल्कोहोल हवे, नाही तर आपण अल्कोहोलचाच परिणाम मोजू. लगदा गरम असताना पदार्थ घातला तर तो उष्णतेनेच मोडतो. थंड झाल्यावर घातला तर नीट मिसळत नाही. नर आणि माद्या वेगळ्या ठेवायच्या, कारण मीलनाने मादीचे आयुष्य घटते. एका कुपीत वीस-पंचवीसच माश्या. दर दोन-तीन दिवसांनी सगळ्यांना ताज्या लगद्यावर हलवायचे आणि जुन्या कुपीत किती मेलेल्या राहिल्या ते लिहायचे. निसटून उडालेली माशी मेलेल्यांत धरायची नाही, तिची नोंद वेगळी. शेवटची माशी मरेपर्यंत हे चालते. मग आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर जिवंत माश्या घेऊन आलेख काढायचा. सरासरी किती वाढली यापेक्षा आलेखाचे शेपूट, म्हणजे सर्वांत चिवट माश्या किती जगल्या, हे जास्त बोलके असते. सरासरी नुसते लवकर होणारे मृत्यू टाळूनही वाढते.

एवढे करूनही मोठा फास बाकी राहतो. पदार्थाची चव माशीला आवडली नाही तर ती कमी खाते. आणि कमी खाल्ले, विशेषतः यीस्टमधली प्रथिने कमी मिळाली, तर माशी जास्त जगते. आहार आवरल्याने आयुष्य वाढते हा माश्यांवरच्या प्रयोगांतला सर्वांत भक्कम निष्कर्ष आहे. मग आयुष्य औषधाने वाढले की कडवटपणाने? हे शोधायला बेंझर यांच्याच प्रयोगशाळेने २००७ मध्ये एक सुरेख युक्ती प्रसिद्ध केली. लगदा काढून टाकला आणि कुपीच्या झाकणातून काचेची केशनलिका खाली सोडली, तिच्यात पातळ अन्न. माशी नळीच्या टोकाशी उलटी लोंबकळून पिते, नळीतली पातळी उतरते, आणि कुपीतल्या माश्यांनी किती मायक्रोलिटर घेतले ते मोजपट्टीवर वाचता येते. अंडीही मोजावी लागतात, कारण अंडी कमी घालणाऱ्या माद्या बहुधा जास्त जगतात. या दोन मोजण्या ज्या लेखात नाहीत, त्यातल्या आयुर्मानाच्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

या चाळणीतून काय उरले? १९७० च्या दशकात नासाच्या एम्स केंद्रात हाइमे मिकेल यांनी माश्यांना ई जीवनसत्त्व आणि गंधक असलेले काही पदार्थ देऊन माफक वाढ नोंदवली. १९९७ मध्ये एन-ॲसिटिलसिस्टीन या पदार्थाने फळमाश्यांचे आयुष्य सुमारे चतुर्थांशाने वाढल्याचे प्रसिद्ध झाले. लाल वाइनमधले रेझव्हेराट्रॉल तर २००४ मध्ये जगभर गाजले. त्याने माश्या जास्त जगतात असा निष्कर्ष होता. २००७ मध्ये लंडनला लिंडा पार्ट्रिज यांच्या गटाने तोच प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला, तेव्हा माश्यांच्या आयुष्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हळदीतले कर्क्युमिन, हिरवा चहा, कोको, सगळ्यांवर लेख आहेत आणि निकाल माशीच्या वाणानुसार, लिंगानुसार, मात्रेनुसार बदलतात.

म्हणून अनेकांनी खाऊ घालण्याचा नाद सोडला आणि थेट जनुकांना हात घातला. विकर शरीरातच जास्त बनले तर चव, भूक, विरघळणे हे प्रश्नच मिटतात. १९८९ मध्ये जॉन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी तांबे-जस्तवाले सुपरऑक्साइड डिस्म्युटेज मुळीच नसलेली माशी तयार केली. ती दोन आठवड्यांच्या आतच मरे, तिचे नर वांझ निघत आणि पॅराक्वाट तिला जराही सोसत नसे. १९९४ मध्ये विल्यम ऑर आणि सोहल यांनी उलट केले: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटलेज या दोन्हींची जादा जनुके माशीत बसवली. माश्यांचे आयुष्य एक तृतीयांशापर्यंत वाढले, प्रथिनांची इजा कमी भरली, म्हातारपणी त्यांची चालही टिकली. 'सायन्स'मध्ये तो लेख आला आणि हरमन यांचे म्हणणे सिद्ध झाले असे अनेकांना वाटले. १९९८ मध्ये माणसाचे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज माशीच्या केवळ स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशींत बनवले तेव्हाही आयुष्य ४० टक्क्यांपर्यंत वाढले.

यानंतर ऑर आणि सोहल यांनी जे केले ते मला त्यांच्या यशापेक्षा मोठे वाटते. आपलाच निष्कर्ष त्यांनी पुन्हा तपासायला घेतला. १९९४ मधल्या तुलनेच्या माश्या मुळातच फारशा जगणाऱ्या नव्हत्या. या वेळी त्यांनी दणकट, दीर्घायुषी वाणाच्या माश्या घेतल्या आणि त्यांत तीच विकरे, शिवाय आणखी काही, वाढवली. २००३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की अशा माश्यांचे आयुष्य वाढत नाही. पाय मोडलेल्याला कुबडी दिली तर तो चालू लागतो, धडधाकटाला दिली म्हणून तो जास्त वेगाने धावत नाही. तसे हे झाले होते. अशक्त वाणातली उणीव विकराने भरून निघत होती, आणि आपण त्याला म्हातारपणावरचा विजय समजत होतो.

मग विरुद्ध बाजूचे पुरावे येऊ लागले. काळ्या बागमुंगीची राणी, लॅसिअस नायजर, २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे; प्रौढ कीटकांत हा विक्रम मानला जातो. तिच्याच वारुळातल्या, जवळपास तीच जनुके असलेल्या कामकरी मुंग्यांचे आयुष्य त्याच्या एका लहान अंशाएवढे. राणीच्या अंगात अँटिऑक्सिडंट विकरांचा साठा असेल अशा अपेक्षेने २००४ मध्ये पाहणी झाली, तर राणीत सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचे जनुक कामकऱ्यांपेक्षा कमी चालू असल्याचे आढळले. गोलकृमींमध्ये तर सीगफ्रीड हेकिमी यांच्या गटाने या विकराची पाचही जनुके काढून टाकली. ते कृमी पॅराक्वाटने लगेच मरत, पण विष न दिल्यास नेहमीइतके जगत.

२०१६ मध्ये आल्बेर्तो सान्स यांच्या गटाने फळमाशीत दाखवले की तंतुकणिकेतल्या श्वसनसाखळीच्या पहिल्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन उलटे वाहून मूलके निर्माण झाली तर माशी उलट जास्त जगते. ती मूलके पेशीला दुरुस्तीचा इशारा देतात. आणि २०१८ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतून आलेला निकाल तर कुणाच्याच हिशेबात नव्हता. अळ्यांना अगदी थोड्या मात्रेत एक ऑक्सिडंट दिला. त्या अळ्यांच्या माश्या झाल्या, त्या जास्त जगल्या. मूलकांनी शरीराला चिवट केले असेल, असे कुणालाही वाटेल. ॲलेक्स गूल्ड यांच्या गटाने शोधले तेव्हा कळले की ऑक्सिडंटने अळीतले ॲसिटोबॅक्टर नावाचे जीवाणू मारले होते. हे जीवाणू नसल्याने माशीचे आतडे म्हातारपणी उशिरा गळू लागले. जंतुविरहित वाढवलेल्या अळ्यांना तोच ऑक्सिडंट दिला तर काही फायदा झाला नाही. माशीच्या पेशींशी या गोष्टीचा थेट संबंधच नव्हता.

माणसांचे काय, हे इथे थोडक्यात सांगतो, कारण हे प्रकरण माश्यांचे आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघाले; हा निकाल १९९४ चा. तशीच अमेरिकी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. २००७ मध्ये ६८ चाचण्यांतल्या दोन लाख बत्तीस हजारांहून अधिक लोकांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा दर्जेदार चाचण्यांत बीटा-कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मृत्यूंचे प्रमाण घटण्याऐवजी किंचित वाढलेले दिसले. हे गोळ्यांबद्दल आहे. भाजी आणि फळांबद्दल नाही.

आपल्याकडच्या एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लाखोटिया आणि सहकाऱ्यांनी आयुर्वेदातले आमलकी रसायन, म्हणजे आवळ्याचे सिद्ध केलेले औषध, फळमाश्यांना दिले. २०१२ आणि २०१६ च्या लेखांत त्यांनी नोंदवले की अन्नात अर्धा टक्का रसायन मिसळले तर माश्यांचे मध्यम आयुर्मान वाढते, त्या उपासमार आणि ताण जास्त सोसतात, अंगातली मूलके कमी भरतात आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज वाढते. च्यवनप्राशाच्या जाहिरातदारांना हे वाक्य आवडेल, पण प्रयोग एवढ्यावर थांबत नाही. रसायन पोटात गेलेल्या अळ्यांची वाढ बदलते, अंडी घालणे बदलते, पेशीतली इतर प्रथिने बदलतात. आवळ्यात अँटिऑक्सिडंट आहेत म्हणून माशी जास्त जगली, ही उडी लेखकांनी घेतलेली नाही. परंपरेतले औषध माशीच्या कुपीत उतरवून, मात्रा ठरवून, तुलनेचा गट ठेवून तपासायचे, हा रस्ता मला फार मोलाचा वाटतो. पुढे निकाल आयुर्वेदाच्या बाजूने लागो वा विरुद्ध.

या सगळ्याचा गुंता सर्वांत स्वच्छ सोडवणारा प्रयोग म्हातारपणासाठी केलेलाच नव्हता. तो झोपेसाठी होता. हार्वर्डमध्ये द्रागाना रोगुल्या यांच्या गटाने २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. काही मज्जापेशी सतत चेतवून फळमाश्यांची झोप मोडली. त्या दहाव्या दिवसाच्या आसपास मरू लागल्या आणि विसाव्यापर्यंत सगळ्या संपल्या. झोपू दिलेल्या माश्या त्याच तापमानाला चाळीस दिवसांच्या आसपास जगल्या. जागरणाने मेंदू बिघडला असेल म्हणून मेंदू तपासला, तिथे काही विशेष नव्हते. मग एकेक अवयव पाहिला. आतड्यात मूलके साचलेली होती, आणि झोप जितकी कमी तितकी जास्त.

मग त्यांनी अन्नात अँटिऑक्सिडंट घातले. मेलाटोनिन, लिपोइक आम्ल आणि आणखी काही. झोप तशीच मोडलेली होती, पण माश्या नेहमीइतक्या जगल्या. अँटिऑक्सिडंट विकराचे जनुक फक्त आतड्यात वाढवले तरी जगल्या. फक्त मज्जासंस्थेत वाढवले तर नाही. आणि शेजारच्या कुप्यांत, ज्यांची झोप कुणी मोडली नव्हती अशा माश्यांना तेच अँटिऑक्सिडंट दिले होते. त्यांचे आयुष्य एक दिवसानेही वाढल्याचे दिसले नाही.